आखाजी, पहिली घागर आणि बापूमामाच्या चतुःसीमा

पहिला दिवस : पुणे ते धुळे

दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी बापूमामा आईला न्यायला पुण्याला यायचा. रात्रीच्या एसटीने निघून पहाटे उतरायचा. खांद्यावर पंचा, हातात पिशवी, पिशवीत बिबड्या, कुरडया आणि मामीने कुटलेला काळा मसाला. माहेरवाशिणीला न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात, हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकला. आई साठीच्या पुढे गेली, तिचे गुडघे दुखायला लागले, मी गाडीने सोडते म्हणायला लागले, तरी तो यायचाच. “अक्का एकटी आली तर गाव म्हणेल, भाऊ मेला की काय,” असं म्हणून हसायचा.

गेल्या श्रावणात तो गेला. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. ही त्याच्या नावाची पहिली घागर. आई या वर्षी मुराळ्याशिवाय निघाली.

पहाटे पाचला पुणं सोडलं. संगमनेर, शिर्डी, येवला हा रस्ता नेहमीचा. मनमाडच्या अलीकडे अंकाई-टंकाईची जोडी दिसली तशी आई सरळ होऊन बसली. मालेगावला चहा घेतला. झोडगं मागे पडलं, लळिंगचा किल्ला दिसला, आणि आई म्हणाली, “आला आपला मुलूख.” एवढंच. एरवी इथून पुढे मामा बोलायला लागायचा. महामार्गाच्या कडेचं कुठलं शेत कुणाचं, कधी विकलं, कितीला विकलं, विकणाऱ्याने त्या पैशांत काय केलं. मुलीच्या लग्नात गेलेली शेतं, दवाखान्यात गेलेली शेतं, मुलाला नोकरी लावायला म्हणून गेलेली आणि नोकरी न लागलेली शेतं. त्याच्या शेजारी बसून मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना माणसंच दिसायची.

बापूमामा जमिनीच्या व्यवहारात होता. धुळं, अमळनेर, जळगाव या पट्ट्यात त्याने पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ प्लॉट, शेतं आणि घरं लोकांना घेऊन दिली, विकून दिली. लोक दलाल म्हणायचे. त्याला त्या शब्दाचं वाईट वाटत नसे. दोन्ही बाजूंकडून एकेक टक्का घ्यायचा आणि घेतलेला वहीत लिहायचा.

या धंद्यात तो आला तो धुळ्यातून. १९७७ साली मॅट्रिक होऊन एका दस्तलेखकाच्या हाताखाली लागला. सकाळी टेबल पुसायचं, दिवसभर खरेदीखतं, साठेखतं, गहाणखतं नकलायची. जुने फेरफार वाचता यावेत म्हणून त्या म्हाताऱ्या दस्तलेखकाने त्याला मोडी शिकवली. इतिहासाचार्य राजवाडे ज्या गावात १९२६ साली वारले त्या गावात राहून मोडी येत नाही म्हणजे काय, असं ते म्हणायचे म्हणे. मामाच्या हाताला मोडीचं वळण शेवटपर्यंत राहिलं. देवनागरी लिहितानाही अक्षरं एकमेकांना धरून चालायची.

संध्याकाळी सहा वाजताही झळा येत होत्या. आईला लॉजवर बसवून मी एकटीच जुन्या धुळ्यात फिरून आले. इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत आणि त्या एकमेकींना समांतर सरळ जातात. मी नववीत असताना मामाने मला इथे फिरवलं होतं. १८१८ला पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. त्याने बऱ्हाणपूरहून व्यापारी बोलावले, घरांसाठी कायमच्या बिनभाड्याने जागा दिल्या आणि वर घर बांधायला उचलही दिली. “खानदेशातला पहिला ले-आउट,” मामा म्हणाला होता. “आणि ऐक, नुसती जागा नाही दिली. उभं राहायला पैसे दिले. माणूस उभा राहिला नाही तर प्लॉट काय कामाचा?” मी नववीत होते, मला उसाच्या रसाची घाई होती. आज त्याच गल्लीच्या तोंडाशी रस घेतला. तो घशाखाली उतरेना.

रात्री शेवभाजी. आईने अर्धी भाकरी खाल्ली.

दुसरा दिवस : धुळे ते अमळनेर, आणि आजोळ

सकाळी लवकर निघालो, ऊन चढायच्या आत. धुळ्याहून अमळनेर तासाभराचं. वाटेत आईने १९९६ची गोष्ट सांगितली. मला ती तुकड्या-तुकड्यांनी माहीत होती, सलग कधी ऐकली नव्हती.

आजोबा गेले त्या वर्षीची. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि रिवाजाप्रमाणे दोघी बहिणींनी, म्हणजे आईने आणि मावशीने, हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या होत्या. आमच्याकडे हे असंच चालतं. बहीण सही करते, भाऊ साडी घेतो, आणि माहेर तुटत नाही. आई सही करायच्या तयारीनेच आली होती. भाऊबंदातल्या एका काकांनी कागदही करून आणला होता. मामाने तो कागद हातात घेतला आणि ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लागला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग आईला विचारलं, “अक्का, तू कशावर सही करतेस ते कळलं का?” आई म्हणाली, “मला जमीन काय करायची? तूच कस.” मामा म्हणाला, “कसतो. पण कसायला तुझं नाव काढावं लागत नाही. १९५६च्या कायद्यापासून लेक बापाची वारस आहे. तरी तुला सोडायचीच असेल तर घाई काय? पुढच्या आखाजीला बघू.”

पुढच्या आखाजीला आईने आठवण केली. तो म्हणाला, पुढच्या आखाजीला बघू. असं अठ्ठावीस वर्षं चाललं. दर वर्षी शेताच्या उत्पन्नातला तिचा वाटा मात्र तो पुण्याला येतानाच पाकिटात घालून आणायचा. आई त्यातले अकराशे रुपये घ्यायची आणि बाकीचे मामीच्या पदराला बांधायची. दोघं एकमेकांना काही बोलायचे नाहीत.

अमळनेरात मामाचा गाळा होता. आता शटर बंद आहे, वरची पाटी तशीच. त्याला हे गाव फार प्रिय होतं. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे आणि १९४५ साली इथेच तेलाचा तो कारखाना निघाला ज्याची पुढे विप्रो झाली, हे तो प्रत्येक बाहेरच्या गिऱ्हाइकाला सांगायचा. त्या कंपनीचे जुने शेअर पेटीत जपून ठेवलेल्या इथल्या लोकांचं पुढे काय झालं, हे सगळ्या खानदेशाला माहीत आहे. मामा त्यावरून म्हणायचा, कागद सांभाळणारा आणि माती सांभाळणारा दोघं शेवटी एकाच जातीचे.

दुपारी आजोळी पोहोचलो. बोरी नदीकाठचं गाव, धाब्याचं म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, धाब्यावर पांढरी माती. दार उघडं होतं. मामी बाहेर आली, आई तिच्या गळ्यात पडली, आणि पुढचा अर्धा तास मी लिहिणार नाही.

जेवणं झाल्यावर मामेभावाने मामाचं कपाट उघडलं. वरच्या खणात तीस मीटरचा टेप, फक्कीची अर्धी पिशवी, डोक्याला लाल रंग दिलेल्या लाकडी खुंट्या. मधल्या खणात सातबारे, आठ-अ, मोजणीचे नकाशे, गावागणिक बांधलेले. खालच्या खणात वह्या. जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडी पाठीच्या, जमाखर्चाच्या वह्या. एकूण बावीस.

एक पान इथे उतरवते. नाव-गाव आणि गट नंबर गाळून.

“प्लॉट ३० बाय ४०. पूर्वेस नऊ मीटर रस्ता. पश्चिमेस प्लॉट क्र. १४. दक्षिणेस ओपन स्पेस. उत्तरेस प्लॉट क्र. १२. माती काळी, साडेपाच फुटांवर मुरूम लागला. सांगितलं की पाया मुरमापर्यंत न्या, नाहीतर दोन वर्षांत भिंत चिरेल. पावसानंतर दाखवला. राहणार : नवरा, बायको, आई (डोळ्यांनी कमी दिसतं, पायऱ्या नकोत), दोन मुलं.”

चतुःसीमा तर प्रत्येक खरेदीखतात असतात, त्याशिवाय दस्त होत नाही. ‘राहणार’ ही ओळ मात्र कुठल्याच दस्तात नसते. ती फक्त या वह्यांत आहे, आणि प्रत्येक पानावर आहे.

मुरमाबद्दल थोडं सांगते, कारण मामा त्याबद्दल तासभर बोलू शकायचा. आमच्याकडची काळी माती कापसाला सोनं आणि घराला वैरी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर बांधलेलं घर दर वर्षी थोडं उचललं जातं, थोडं खचतं. म्हणून मामा इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घ्यायच्या आधी प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा खणायला लावायचा. मुरूम दिसेपर्यंत खणायचं. मुरूम दहा फुटांवर गेला तर गिऱ्हाइकाला सरळ सांगायचा, पायालाच एवढे लागतील, झेपत असेल तर घे. किती सौदे त्या खड्ड्यांत गेले असतील! मामी म्हणायची, आपल्या घराचा पैसा खड्ड्यात आहे. तिला ते पटायचं, म्हणूनच ती तसं म्हणू शकायची.

प्रत्येक वहीची शेवटची काही पानं वेगळी होती. वर लिहिलेलं, “न केलेले व्यवहार.”

“चोपड्याच्या वरची साडेतीन एकर. खातेदार आदिवासी. दुसऱ्याच्या नावाने फिरवून देऊ म्हणतात. कलम ३६-अ. नाही.” (आदिवासीची जमीन परस्पर बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून असलेलं हे कलम.)

“तीन भाऊ, एक बहीण. बहीण सुरतेला, तिला विचारलेलं नाही. सही घेऊन देतो म्हणतात. नाही.”

“नाला बुजवून प्लॉट पाडलेत. नकाशात नाला आहे. नाही.”

शेवटच्या वहीत २०२३च्या पानांत एक घडी केलेला कागद सापडला. त्या वर्षी महारेराने, म्हणजे घरबांधणी व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. मामा तेव्हा पासष्टीला आला होता. मामेभाऊ म्हणाला, “मी बोललो, आबा, आता सोडा, माझ्या नावाने नोंदणी करू.” तो ऐकेना. रोज पहाटे चष्मा लावून ओसरीवर अभ्यासाला बसायचा. संगणकावर परीक्षा द्यायची म्हणून नातवाकडून माऊस धरायला शिकला. त्या घडीच्या कागदावर त्याने स्वतःसाठी प्रश्न काढले होते. पहिला प्रश्न : “चटई क्षेत्र म्हणजे काय, आणि ते गिऱ्हाइकाला कसं समजावून सांगशील?”

पास झाला. पेढे वाटले. त्याचं ते प्रमाणपत्र फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय.

रात्री सगळे धाब्यावर झोपलो. मामाची बाज रिकामी नको म्हणून मामीने तिच्यावर नातवाला झोपवलं.

तिसरा दिवस : आखाजी

पहाटेच मामेभावाने अंगणात पाटावर घागर मांडली. कोरी मातीची घागर, काठोकाठ पाणी, आणि तोंडावर डांगर. बाहेरच्या लोकांना सांगते, आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज, नदीच्या वाळूत पिकणारं. बोरीला आता तेवढी वाळू राहिली नाही, हे बाजारातलं होतं. मामा दर वर्षी आजोबांची घागर भरायचा तेव्हा डांगर स्वतः निवडायचा. नाकाला लावून वास घ्यायचा, देठाशी अंगठ्याने दाबायचा. मामेभावाने नकळत तसंच केलं. आईने ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, भजी. पान वाढून झालं, मग आगारी. निखाऱ्यावर तूप आणि प्रत्येक पदार्थाचा घास. धूर सरळ वर गेला. मामी म्हणाली, “सरळ गेला. जेवला.” घरातलं कुणीही मग बराच वेळ बोललं नाही.

गावात लेकी आल्या होत्या. कडुलिंबाच्या फांद्यांना झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली, पारावर पत्ते रंगलेले. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांचं, नवं वर्षही याच दिवशी सुरू होतं, त्यामुळे दोन घरं सोडून तिसऱ्या घरी सालाची बोलणी चालू होती. आमच्या दारात मात्र सकाळी नऊपासून माणसं येत राहिली. आधी मला वाटलं भाऊबंद असतील. मग एकेक जण सांगायला लागला. मी अमुक कॉलनीतला. मी पारोळ्याहून. बापूंनी आम्हाला घर घेऊन दिलं. प्रत्येकाच्या हातात एक डांगर. दुपारपर्यंत ओसरीवर डांगरांचा ढीग झाला आणि सगळ्या घराला तो गोड वास सुटला.

त्यांच्यात एक आजोबा होते, मिलमधून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलेली गोष्ट मामाने आम्हाला कधीच सांगितली नव्हती.

१९८९ची. अमळनेरच्या बाहेर एका मालकाच्या अकरा प्लॉटांची विक्री मामाने करून दिली होती. प्लॉट स्वच्छ होते, कागद स्वच्छ होते. तिथे जायचा रस्ता मात्र शेजारच्या गटातून जात होता आणि मालक म्हणाला होता की तो सरकारी आहे. मामाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. मोजणीचा नकाशा काढून बघितला नाही. आयुष्यात तेवढं एकदाच. पुढच्या पेरणीला शेजाऱ्याने तो रस्ता नांगरून टाकला. कायद्याने त्याचं बरोबर होतं. प्लॉटचा मालक पैसे घेऊन गाव सोडून गेलेला. अकरा घरं, बहुतेक मिल कामगारांची, कुणी पाया खणलेला, कुणी चौकट उभी केलेली, आणि जायला वाट नाही.

“आम्ही भांडायला आलो बापूकडे,” आजोबा म्हणाले. “मी स्वतः त्याची गचांडी धरली. तो काही बोलला नाही. म्हणाला, चूक माझी आहे, नकाशा मी बघायला हवा होता, मला दोन महिने द्या.”

दोन महिन्यांत मामाने स्वतःची राजदूत मोटारसायकल विकली, अमळनेरात स्वतःच्या घरासाठी घेतलेला प्लॉट विकला, आणि शेजाऱ्याला भरपाई देऊन वीस फूट रुंदीच्या वहिवाटीचा हक्क रजिस्टर दस्ताने लिहून घेतला. अकरा जणांच्या नावे. लांबी शंभर फुटांच्या थोडी वर. म्हणजे हिशेबाने दोन गुंठे.

अमळनेरात घर का बांधलं नाही, रोज गावाहून येणं-जाणं का केलं, पुढची सहा वर्षं सायकलवर का फिरला, हे सगळं मला त्या ओसरीवर बसून कळलं. मामीला माहीत होतं. ती मांडे लाटत होती, मान वर न करता म्हणाली, “सांगू नको म्हणले होते.”

उतरत्या उन्हात आजोबांना सोडायला मी गाडी काढली, आई पण बसली. अमळनेरच्या बाहेर डांबरी सोडून आत वळलो आणि ते म्हणाले, “इथं थांबव पोरी.” गाडीतून उतरले. आता तो रस्ता सिमेंटचा झालाय, दोन्ही बाजूंना गटारी, एका कुंपणावर बोगनवेल. शाळेची दोन पोरं सायकली पळवत गेली. आजोबांनी काठी रस्त्यावर टेकवली. “बापू व्हता म्हनीसन हाऊ रस्ता शे,” ते म्हणाले. आई चपला काढून त्या रस्त्यावरून शेवटपर्यंत चालत गेली आणि परत आली. सिमेंट तापलेलं होतं. मी तिला अडवलं नाही.

चौथा दिवस : जळगाव

आईला मामीजवळ ठेवून मामेभाऊ आणि मी जळगावला गेलो. काही राहिलेली कागदपत्रं द्यायची होती. धरणगाव मागे टाकलं, बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना केळी उभी, पानं उन्हाने करपलेली. १९९०ला विद्यापीठ झालं तेव्हा या बाजूच्या जमिनींचे भाव एकदम उठले, आणि मामा तेव्हाच जळगावात कामं करायला लागला.

पिंप्राळ्याच्या अंगाला एक कॉलनी आहे, तिचा ले-आउट मामाने मालकाबरोबर बसून आखून घेतला होता. नियमाने दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. बहुतेक जण ती नाल्याच्या कडेला, विकली न जाणारी तिरपी जागा दाखवून मोकळे होतात. मामाने मालकाशी आठ दिवस वाद घातला की मोकळी जागा मधोमध ठेव, कोपऱ्यात नको. मालकाचे चार चांगले प्लॉट जात होते. शेवटी मामाने आपली दलाली अर्धी केली, तेव्हा तो कबूल झाला.

ती जागा बघितली. नऊ कडुलिंबं आहेत, मामाने लावलेली. आता त्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळल्यात. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तापमान असेल, आणि खाली एक म्हातारबा बाकावर चक्क झोपले होते.

कोपऱ्यातल्या घरातल्या काकूंनी आम्हाला ओळखलं, मामेभावाचा चेहरा बापावर गेलाय. त्यांनी माठातलं पाणी दिलं आणि जागा घेतली त्या दिवसाची गोष्ट सांगितली. यजमान एसटीत कंडक्टर. वैशाखात प्लॉट आवडला, इसाराचे पैसे खिशात घेऊनच गेले होते. मामाने घेतले नाहीत. म्हणाला, मृगाचा पाऊस पडला की या, चिखल बघा, मग द्या. “भाऊ, पहिले पाय फिराव, मंग पैसा काढ.” जूनमध्ये हे दोघं तान्ह्या पोरीला घेऊन आले, आणि पाऊस लागला. मामाने छत्री काकूंवर आणि पोरीवर धरली, स्वतः भिजत त्यांना चारही कोपऱ्यांना नेलं. प्रत्येक कोपऱ्यात उभं केलं. इथे सकाळचं ऊन येईल, इथे स्वयंपाकघर करा. इथे शेजाऱ्याची भिंत येईल, खिडकी ठेवू नका. इथे पाणी साचतंय बघा, भर घालावी लागेल. इथून पोरगी शाळेला निघेल तेव्हा तुम्हाला ती वळणापर्यंत दिसेल.

“दिसायची,” काकू म्हणाल्या. “दहावीपर्यंत रोज दिसायची.”

ती मुलगी आता नाशिकला डॉक्टर आहे. काकूंनी मला तो चौथा कोपरा दाखवला. तिथे एक पायरी केलेली आहे, फक्त उभं राहण्यापुरती.

पाचवा दिवस : शेत, आणि परत

परतायच्या दिवशी आई पहाटे चारलाच उठली. “शेतात जाऊन येऊ,” म्हणाली. मामेभाऊ पुढे, आई मध्ये, मी मागे. बोरीच्या बाजूला आमचा गट, दोन हेक्टर चाळीस आर. नांगरून ठेवलेलं, ढेकळं अजून गार होती.

मामेभावाने विचारलं, “फुई, बांधाने फिरायचं?” आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. आई म्हणाली, “फिरू.” मग त्याने बापाच्या पद्धतीने तिला चारही कोपऱ्यांना नेलं. पूर्वेला पांदण. दक्षिणेला भाऊबंदांचा गट, मध्ये हद्दीचा दगड, अर्धा मातीत गेलेला. मामेभावाने बसून हाताने त्याच्या भोवतीची माती उकरली, दगड मोकळा केला. “कागद खोटं बोलू शकस, बांध नही बोलस,” असं आबा म्हणायचे, तो म्हणाला. पश्चिमेला विहीर आणि जुनी चिंच. उत्तरेला नदी. आई प्रत्येक ठिकाणी थांबली. विहिरीपाशी जास्त वेळ थांबली. तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी ती खणली होती आणि माती उपसायला दोघं बहीणभाऊ होते. पाणी लागलं तेव्हा बापू बारा वर्षांचा होता आणि विहिरीतून वर ओरडला होता, “अक्का, गार शे!”

घरी येऊन आवराआवर केली. मामीने गाडीत सामान भरायला सुरुवात केली. बिबड्या, कुरडया, काळा मसाला, आणि ओसरीवरच्या ढिगातली सहा डांगरं.

निघायच्या वेळी आईने पिशवीतून एक कागद काढला. मला काहीच कल्पना नव्हती. पुण्याहून टाइप करून आणलेला हक्कसोडपत्राचा मसुदा होता. तिने मामेभावाला सांगितलं की बापू असेपर्यंत त्याचा शब्द मोडवला नाही, आता तू संसाराचा माणूस, पोरं शिकायची आहेत, माझं नाव काढून टाक, मावशीला पण मी बोलले आहे, दुय्यम निबंधकाकडे कधी यायचं ते सांग, मी येईन.

मामेभावाने कागद घेतला. ओसरीवर उभा राहून तो वाचायला लागला, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून. मामी दारात येऊन उभी राहिली. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, सगळं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत आला, कागदाची होती तशी घडी घातली, आणि आईच्या हातात परत दिला.

“फुई,” तो म्हणाला, “पुढली आखाजीले देखसूत. मी येस तुले लेवाले.”

आई काही बोलली नाही. गाडीत बसली, पिशवी मांडीवर घेतली. तो कागद तिने डांगरांच्या खाली सरकवला.